पाण्याचे भांडे आणि बिस्फेनॉल

सातपुड्याच्या दक्षिण उतारावर पांढुर्णा आणि सौंसर ही दोन गावे आहेत. नागपूरहून उत्तरेकडे निघालेली वाट सावनेरला दुभंगते. एक फाटा पांढुर्ण्यावरून बैतूलकडे जातो, दुसरा सौंसरवरून छिंदवाड्याकडे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि हा मुलूख मध्यप्रदेशात राहिला. कचेरीतला कारभार हिंदीत चालू लागला. घरची बोली, सोयरीक आणि बाजार यांची ओढ मात्र नागपूरकडेच राहिली. ५ ऑक्टोबर २०२३ पासून ही दोन्ही गावे छिंदवाडा जिल्ह्यातून निघून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आली आहेत. संत्री, कापूस, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात होणारी गोटमार आणि जामसावळीचा निजलेला मारुती यांमुळे हा भाग लोकांना ठाऊक आहे. रसायनशास्त्राच्या इतिहासात नोंद व्हावी असे येथे काही घडलेले नाही. परंतु ज्या पदार्थाची हकिकत येथे सांगावयाची आहे, तो रशियातील एका प्रयोगशाळेतून निघून सव्वाशेहून अधिक वर्षांनी असल्याच गावांच्या ओसरीपर्यंत येऊन पोचला आहे. ती समजून घेण्यास मोठ्या शहरापेक्षा असे गाव अधिक उपयोगी पडते. कारण घरातले जुने भांडे कधी गेले आणि नवे कधी आले, हे येथे अजून लोकांच्या आठवणीत आहे.

विदर्भाकडे पाणी भरण्याच्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्याला गुंड म्हणतात. गुंड डोक्यावरून घरी यावयाचा, माठात अथवा रांजणात रिता व्हावयाचा, आणि उन्हाळ्यात त्या माठाभोवती ओले फडके गुंडाळलेले असावयाचे. या भांड्यांतही दोष होते. पितळेला वेळोवेळी कल्हई लागे, माठ हातून निसटला की संपला. आणि विहिरीचे पाणीच निर्मळ नसेल तर कोणत्याही भांड्याने पटकी किंवा विषमज्वर आवरला जात नसे. जुन्या दिवसांचे गुणगान करताना ही गोष्ट दृष्टीआड करून चालणार नाही. मात्र भांडे स्वतः पाण्यात काय सोडते, याचा हिशेब तेव्हा सोपा होता. मातीचा वास नाकाला कळे. पितळेत आंबट पदार्थ कळकला तर ते जिभेला कळे. नंतर स्टीलची भांडी आली, त्यामागून प्लास्टिक आले. उन्हाळ्यात विहिरी तळ गाठू लागल्या, नळाच्या पाण्यावरचा विश्वास उडू लागला, आणि दुकानात, कचेरीत, लग्नमंडपात वीस लिटरचा निळसर जार उभा राहिला. या भांड्यातून पाण्यात काही उतरले तर त्याला ना वास, ना चव.

सर्व प्लास्टिक एकच नव्हे, हे येथे आरंभीच सांगितले पाहिजे. कारण या विषयावरील निम्मा गोंधळ तेथूनच सुरू होतो. प्रवासात विकत मिळणारी लिटरभर पाण्याची बाटली पीईटी नावाच्या प्लास्टिकची असते. छपरावरची काळी टाकी आणि बाजाराची पातळ पिशवी पॉलिएथिलीनची; लग्नातल्या थंड पाण्याच्या जाड भिंतींच्या कॅनही बहुधा तशाच. यांच्या घडणीत बिस्फेनॉल नसते. महाराष्ट्रात २०१८ साली आणि देशभर १ जुलै २०२२ पासून पिशव्या, पेले, चमचे यांवर जी बंदी आली, तिचा कटाक्ष कचऱ्यावर होता. बिस्फेनॉलशी तिचा संबंध नाही. याउलट काचेसारखा पारदर्शक, टणक, आपटला तरी न तडकणारा आणि पुन्हा पुन्हा भरून वापरला जाणारा जार जर पॉलिकार्बोनेटचा असेल, तर तो मुळातच बिस्फेनॉल-ए या द्रव्याचे कण एकमेकांना साखळीसारखे जोडून बनविलेला असतो. जारही हल्ली पीईटीचे निघतात. बुडाशी त्रिकोणात १ हा आकडा असला तर ते पीईटी समजावे; ७ असला तर ‘इतर’ प्रकारचे प्लास्टिक, ज्यात पॉलिकार्बोनेट मोडते. याखेरीज बिस्फेनॉलची आणखी दोन ठिकाणे आहेत. संत्र्याच्या रसासारखा आंबट पदार्थ उघड्या पत्र्याला खातो. म्हणून अन्नाच्या हवाबंद डब्यांना आतून एपॉक्सी नावाच्या राळेचा लेप देण्याची पद्धत पडली, आणि ही राळ बिस्फेनॉल-एपासून होते. दुसरे ठिकाण म्हणजे शाईवाचून केवळ उष्णतेने अक्षरे उमटणारा गुळगुळीत पावतीचा कागद.

हे द्रव्य प्रथम तयार केले ते अलेक्सांद्र दियानिन या रशियन रसायनशास्त्रज्ञाने, १८९१ साली. संगीताच्या रसिकांना बोरोदिन हे नाव माहीत असते. तो बोरोदिन पेशाने रसायनशास्त्राचा अध्यापक होता आणि दियानिन हा त्याचा शिष्य व त्याच्या मागून त्या आसनावर बसलेला. फेनॉलचे दोन भाग आणि अ‍ॅसिटोनचा एक, यांच्या संयोगापासून हा पांढरा स्फटिकमय पदार्थ होतो. दोन फेनॉल म्हणून बिस्फेनॉल, आणि अ‍ॅसिटोनचे आद्याक्षर म्हणून ‘ए’. १९०५ साली जर्मनीत मारबुर्ग येथे त्सिंके यानेही तो बनविला. तथापि त्याचा उपयोग काय, हे दोघांनाही सांगता आले नाही, आणि पुढली कित्येक वर्षे तो ग्रंथात नोंदला जाऊन पडून राहिला.

त्याला पहिले काम मिळता मिळता राहिले ते औषध म्हणून. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयाशी जोडलेल्या संस्थेत एडवर्ड चार्ल्स डॉड्स हा वैद्यकशास्त्रज्ञ स्त्रीच्या बीजकोशातून स्रवणाऱ्या संप्रेरकाला, म्हणजे ईस्ट्रोजेनला, स्वस्त कृत्रिम पर्याय शोधीत होता. खरे संप्रेरक मिळविणे तेव्हा महाग आणि किचकट होते. डॉड्स निरनिराळी द्रव्ये घेई, बीजकोश काढून टाकलेल्या उंदराच्या माद्यांना टोची आणि त्या माजावर आल्याची लक्षणे दिसतात काय ते पाही. १९३६ साली त्याने आणि त्याचा सहकारी लॉसन याने ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या टिपणात बिस्फेनॉल-एचे नाव आहे. लक्षणे दिसली होती. नैसर्गिक संप्रेरकाशी रचनेत फारसे साम्य नसलेले हे द्रव्य शरीरात जाऊन त्याचे सोंग घेत होते.

सोंग मात्र दुबळे होते. १९३८ साली डॉड्सला त्याहून कितीतरी प्रबळ असे डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल सापडले आणि औषधाचा मान त्याला मिळाला. त्याचे एकस्व घेतले गेले नाही, त्यामुळे ते सर्वत्र बनू लागले आणि गर्भपात टळावा म्हणून अमेरिकेत व इतरत्र असंख्य गरोदर स्त्रियांना ते देण्यात आले. १९७१ साली बोस्टन येथील हर्ब्स्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक विलक्षण गोष्ट उघडकीस आणली. योनिमार्गाचा एक अतिशय दुर्मीळ कर्करोग तरुण मुलींत दिसू लागला होता, आणि या मुलींनी स्वतः काहीच घेतले नव्हते. त्या पोटात असताना त्यांच्या मातांनी ते औषध घेतले होते. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गरोदरपणी ते देऊ नये असे बजावले. कृत्रिम संप्रेरकाचा परिणाम घेणाऱ्यावर न दिसता पुढल्या पिढीवर, आणि तोही वीस वर्षांनी, दिसू शकतो हा धडा वैद्यकाला त्या मुलींनी शिकविला. बिस्फेनॉल-ए त्याच प्रयोगशाळेच्या त्याच शोधमोहिमेत तपासले गेलेले. पण ते औषध झाले नाही, म्हणून वैद्यांच्या नजरेतून सुटले.

दरम्यान त्याला दुसरे काम मिळाले होते, आणि ते देणारे लोक वैद्यक वाचणारे नव्हते. १९३० व १९४० च्या दशकांत स्वित्झर्लंडमध्ये कास्तान आणि अमेरिकेत ग्रीनली यांनी एपॉक्सी राळ सिद्ध केली. १९५३ साली जर्मनीच्या बायर कंपनीतील हेर्मान श्नेल आणि अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकमधील डॅनियल फॉक्स या दोघांच्या हाती, एकमेकांना पत्ता नसताना, जवळजवळ एकाच वेळी पॉलिकार्बोनेट लागले. काचेची पारदर्शकता आणि धातूची चिवटाई एका पदार्थात आली. त्याच दशकाच्या अखेरीस कारखाने सुरू झाले आणि पुढे त्यातून शिरस्त्राणे, चष्म्यांची भिंगे, दिव्यांची आवरणे, तान्ह्या मुलांच्या दुधाच्या बाटल्या आणि पाण्याचे जार होऊ लागले. डॉड्सचे टिपण ग्रंथालयात होते. ते कोणी लपवून ठेवले नव्हते. परंतु संप्रेरकांचे शास्त्र एका कपाटात आणि प्लास्टिकचे दुसऱ्या कपाटात, अशी ज्ञानाची वाटणी झालेली असली की एका कपाटातला कागद दुसऱ्या कपाटाशी बोलत नाही. साखळीत जोडले गेलेले बिस्फेनॉल सुटून बाहेर येणार नाही, असेही गृहीत धरले गेले होते. ते गृहीतच चुकीचे निघाले.

ते चुकीचे असल्याचे कळले तेही योगायोगाने. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात डेव्हिड फेल्डमन आणि त्यांचे सहकारी यीस्टच्या पेशी ईस्ट्रोजेनसारखे काही निर्माण करतात काय, याचा तपास करीत होते. तसे काही सापडलेही. पण बारकाईने पाहता ते यीस्टमधून येत नसून, ज्या पॉलिकार्बोनेटच्या चंबूत पाणी वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक केले जाई त्या चंबूतून येत होते. ही हकिकत १९९३ साली प्रसिद्ध झाली. पाच वर्षांनी, १९९८ साली, क्लीव्हलँड येथे पॅट्रिशिया हंट यांच्या प्रयोगशाळेतील निरोगी उंदरांच्या बीजांडांत गुणसूत्रांची मांडणी एकाएकी मोठ्या प्रमाणावर बिघडलेली दिसू लागली. कारण शोधता शोधता असे आढळले की, एका तात्पुरत्या कामगाराने पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या भलत्याच तीव्र क्षाराच्या साबणाने धुतल्या होत्या. पॉलिकार्बोनेट झिजले होते आणि बिस्फेनॉल उंदरांच्या पोटात गेले होते. हंट यांनी नंतर मोजून-मापून तोच प्रयोग केला आणि २००३ साली निष्कर्ष मांडले.

भांड्याच्या दृष्टीने या दोन हकिकतींतून उघड होते ते हे की उष्णता, क्षार आणि झीज या तिन्हींनी पॉलिकार्बोनेटची साखळी तुटते. सिनसिनाटी येथील २००८ च्या प्रयोगात उकळते पाणी ओतल्यावर बिस्फेनॉल सुटण्याचा वेग काही बाटल्यांत ५५ पटींपर्यंत वाढला. पांढुर्ण्याच्या मे महिन्यात टेम्पोत उघड्यावर उभे असलेले जार काही उकळत नाहीत, हे खरे. पण ते सोडा घालून वर्षानुवर्षे घासले जातात, चरे पडेपर्यंत वापरले जातात, आणि ऊन तर सातपुड्याकडे कमी पडत नाही. शिवाय थंड पाण्यालाही सूट नाही. हार्वर्ड विद्यापीठाच्या ७७ विद्यार्थ्यांनी एक आठवडा थंड पेये पॉलिकार्बोनेटच्या बाटल्यांतूनच घेतली, तेव्हा त्यांच्या लघवीतील बिस्फेनॉल सुमारे ६९ टक्क्यांनी वाढलेले आढळले. हा अभ्यास २००९ चा.

शरीर मात्र या द्रव्याला साठवून ठेवीत नाही. यकृत त्याला पकडून निरुपद्रवी रूप देते आणि बहुतेक भाग एका दिवसात मूत्रावाटे निघून जातो. तान्ह्या मुलाच्या यकृताची ही शक्ती अजून पुरती जागी झालेली नसते, आणि पोटातल्या गर्भाची तर नाहीच. येथे एक शंका येते: दिवसात निघून जाते तर भय कसले? उत्तर असे की, आज गेले तरी उद्या पुन्हा येते. अमेरिकेत २००३-०४ साली सहा वर्षांवरील २,५१७ व्यक्तींची लघवी तपासली गेली, तेव्हा जवळजवळ ९३ टक्के नमुन्यांत ते होते. म्हणजे ओघ अखंड असतो. आणि संप्रेरके ही अत्यल्प मात्रेत काम करणारी वस्तू. गर्भाचा अवयव घडण्याच्या मोजक्या दिवसांत चुकीचा निरोप पोचला तर तो निरोप नंतर पुसला गेला म्हणून अवयवाची घडण मागे फिरत नाही.

याच प्रश्नावर मुंबईत परळ येथे झालेले काम महाराष्ट्रातही फारसे कोणाच्या कानावर गेलेले नाही, हे नवल होय. तेथील प्रजनन-आरोग्याच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेत २००९ च्या सुमारास गाभण उंदराच्या माद्यांना गर्भावस्थेच्या बाराव्या दिवसापासून पिले एकवीस दिवसांची होईपर्यंत दररोज शरीराच्या प्रत्येक किलोमागे १.२ किंवा २.४ मायक्रोग्रॅम बिस्फेनॉल-ए पाजण्यात आले. मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. त्या काळी युरोप-अमेरिकेत माणसाने दररोज किलोमागे ५० मायक्रोग्रॅम घेतले तरी चालेल असे मानले जाई. तेव्हा परळची मात्रा त्या ‘सुरक्षित’ मर्यादेच्या विसाव्या ते चाळिसाव्या हिश्शाइतकी होती. तुलनेसाठी एका गटाला डॉड्सचे ते जुने औषध दिले होते. बिस्फेनॉल घेतलेल्या माद्यांचे नर पिलू मोठे झाल्यावर त्यांच्यातील शुक्राणूंची संख्या व चपळाई घटलेली आढळली, आणि निरोगी माद्यांशी त्यांचा संयोग झाल्यावर गर्भ रुजूनही नष्ट होण्याचे प्रमाण वाढले, पिले कमी झाली. संशोधक तेथे थांबले नाहीत. त्या नरांच्या पुत्रांना आणि पौत्रांना बिस्फेनॉलचा थेंबही दिला गेला नव्हता. तरी त्यांच्यातही हा उणेपणा उतरलेला दिसला. आजीने घेतलेले नातवा-पणतवाच्या अंगी निघाले. याच संस्थेच्या पुढील कामात असे दिसले की जन्मतःच हे द्रव्य मिळालेल्या नरांत, मोठेपणी, ईस्ट्रोजेनचा निरोप घेणाऱ्या जनुकाच्या आरंभस्थानावर रासायनिक खुणांची दाटी झालेली असते. जनुक तेच राहते, त्याचे काम करणे बदलते.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बऱ्याच मोठ्या संख्येने उंदीर घेऊन केलेल्या आणि २०१८ साली जाहीर झालेल्या प्रयोगावरून अल्प मात्रेत भीतीचे कारण दिसत नाही असे त्या प्रशासनाचे मत पडले. त्याच प्रयोगात भाग घेतलेल्या विद्यापीठांतील अनेक संशोधकांनी मात्र नेमके अल्प मात्रेतच परिणाम दिसल्याचे सांगितले. माणसांत मधुमेह, हृद्रोग, वंध्यत्व यांच्याशी लघवीतील बिस्फेनॉलचा संबंध दाखविणारे अभ्यास पुष्कळ आहेत. परंतु संबंध म्हणजे कारण नव्हे. डब्यातले अन्न अधिक खाणारा मनुष्य इतर बाबतींतही निराळा असू शकतो. हा वाद खरा आहे आणि तो उद्योगाने उभा केलेला धुरळा म्हणून झटकून टाकता येत नाही. तरीही एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. संशय पुरता सिद्ध होईपर्यंत भांडे बाजारातून काढावयाचे नाही, ही रीत निवडलेली होती. ती निसर्गनियम नव्हे.

रसायनाने केलेला घात या मुलखाने अगदी अलीकडे, पण दुसऱ्या रूपाने पाहिला आहे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यातील परासिया भागात खोकल्याचे एक औषध घेतलेली वीसहून अधिक लहान मुले मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यांपैकी अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणलेले होते. औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य ४८.६ टक्के निघाले, जेथे ०.१ टक्क्याहून अधिक असता कामा नये. हेच द्रव्य १९३७ साली अमेरिकेत शंभराहून अधिक माणसे आणि १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रोगी घेऊन गेले होते. तेथे विष काही दिवसांत आपला पुरावा देते. बाटली सापडते, अहवाल येतो, अटक होते. बिस्फेनॉलच्या बाबतीत कोणी एक बाटली दाखविता येत नाही, कोणी एक रोगी दाखविता येत नाही. लोकसंख्येच्या सरासरीत कोठेतरी रेघ थोडी खाली येते, एवढेच. असल्या हानीसाठी न्यायालय नसते. असते ती केवळ मर्यादेची आकडेमोड.

ती आकडेमोड कशी घसरत आली हे पन्नास किलो वजनाच्या एका स्त्रीवरून पाहावे. २०१५ पर्यंत युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेच्या हिशेबाने तिला दिवसाला अडीच मिलिग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा चारशेवा भाग बिस्फेनॉल चालत असे. २०१५ साली तो आकडा ग्रॅमच्या पाच हजाराव्या भागावर आला. एप्रिल २०२३ मध्ये, प्रतिकारशक्तीच्या पेशींवर दिसलेल्या परिणामांवरून, त्याच संस्थेने तो एकदम वीस हजार पटींनी खाली आणला: त्या स्त्रीच्या वाट्याला आता ग्रॅमचा दहा कोटीवा भाग उरला. जर्मनीच्या जोखीम-मूल्यमापन संस्थेला हे मान्य नव्हते. तिने याच्या हजारपट अधिक मर्यादा सुचविली. पण तीही पूर्वीच्या मर्यादेपेक्षा पुष्कळच कमी आहे. डिसेंबर २०२४ मध्ये युरोपीय संघाने अन्नाला लागणाऱ्या वस्तूंत बिस्फेनॉल-ए वापरण्यास बंदी ठरविली आणि २० जानेवारी २०२५ पासून ती अंमलात आणून बहुतेक वस्तूंना अठरा महिन्यांची मुदत दिली.

तोवर जगाचे सारे लक्ष एका वस्तूवर खिळले होते, ती म्हणजे दुधाची बाटली. कॅनडाने २०१० साली, युरोपने २०११ साली आणि अमेरिकेने २०१२ साली मुलांच्या बाटल्यांतून पॉलिकार्बोनेट काढले. भारतीय मानक ब्यूरोने २०१५ च्या मानकात तेच केले. त्यानंतरही दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या संस्थेने निरनिराळ्या राज्यांतून विकत घेतलेल्या बाटल्यांत हे द्रव्य आढळल्याचे सांगितले. मानक लिहिणे आणि बाजार तपासणे ही दोन वेगळी कामे आहेत. पण त्याहून मोठी उणीव कल्पनेतच आहे. परळच्या प्रयोगात पिलांना बाटली दिलीच नव्हती. पाजले होते ते आईला. संप्रेरकांविषयी जे काही कळले आहे त्यावरून सर्वांत नाजूक काळ बाटली तोंडाला लागण्यापूर्वीचा ठरतो, आणि त्या काळात मूल पिते ते आईच्या भांड्यातले पाणी. कापूस वेचणीस गेलेली गरोदर बाई किंवा संत्र्याच्या तोडणीवर राबणारी मजुरीण कोणत्या जारातले पाणी पिते, याविषयी बाटलीच्या मानकात काही लिहिलेले नाही.

उद्योगाने दिलेले उत्तर सोपे होते: ‘ए’च्या जागी ‘एस’. बिस्फेनॉल-एस हे त्याचेच भावंड. बाटल्यांवर आणि डब्यांवर ‘बीपीए-मुक्त’ असे ठळक छापले जाऊ लागले आणि पुष्कळदा या अक्षरांचा अर्थ एवढाच असे की भाऊ गेला, बहीण आली. या भावंडाचीही संप्रेरकाचे सोंग घेण्याची हातोटी प्रयोगशाळांत दिसली आहे. पावतीच्या कागदात हा बदल स्पष्टपणे घडला. युरोपने जानेवारी २०२० पासून अशा कागदात बिस्फेनॉल-ए ०.०२ टक्क्यांवर असू नये असे ठरविले, तेव्हा बिस्फेनॉल-एसचा वापर वाढला. कागदात हे द्रव्य कोणत्याही साखळीत जोडलेले नसते, सुटे असते. बोटांना सहज लागते. मिसुरी येथील २०१४ च्या प्रयोगात हाताला जंतुनाशक द्रव लावून पावती धरली आणि त्याच हाताने बटाट्याचे तळलेले काप खाल्ले, तेव्हा रक्तातील व लघवीतील प्रमाण लक्षणीय वाढले. पेट्रोलपंप, पैसे काढण्याचे यंत्र, बसचे यांत्रिक तिकीट, औषधांचे दुकान अशा ठिकठिकाणी हा कागद गावोगाव पोचला आहे. त्यावर छापलेली अक्षरे महिन्या-दोन महिन्यांत उडून जातात, म्हणून हिशेबी दुकानदार त्याच्यावर नाराज असतो. त्याची तक्रार एवढीच.

वापरून टाकलेली वस्तूही संपत नाही. जपानच्या होक्काइदो विद्यापीठातील संशोधकांनी जगातील निरनिराळ्या ठिकाणची हवा तपासली आणि २०१० साली असे दाखविले की बिस्फेनॉल-ए ध्रुवप्रदेशाच्या हवेतही सापडते. चेन्नईच्या हवेत ते फार मोठ्या प्रमाणात होते, आणि त्याचे कारण उघड्यावर जळणारे प्लास्टिक. गावाबाहेरच्या उकिरड्याला संध्याकाळी काडी लावण्याची सवय सातपुड्यापासून समुद्रापर्यंत सारखीच आहे. वाहत्या आणि हवा खेळणाऱ्या पाण्यात जीवाणू हे द्रव्य काही दिवसांत खाऊन टाकतात. हवा न पोचणाऱ्या चिखलात ते टिकून राहते. आणि जी नदी पावसाळा सरल्यावर डबक्यांची माळ होऊन बसते तिच्यात चिखलच अधिक असतो.

पाण्याच्या जारासाठी आजवर जे ठाऊक झाले आहे त्यावरून पारख अवघड नाही. ७ आकड्याचा जुना, चरे पडलेला, धुरकट झालेला जार पिण्याच्या पाण्यासाठी ठेवू नये. त्यात गरम पाणी तर कधीच ओतू नये. घरी आल्याबरोबर पाणी माठात किंवा स्टीलच्या पिंपात काढावे. हार्वर्डच्या त्या विद्यार्थ्यांना प्रयोगापूर्वी एक आठवडा थंड पेये केवळ स्टीलच्या भांड्यांतून पिण्यास सांगितले होते, जेणेकरून अंगात आधीचे जे काही असेल ते निघून जावे. कन्हान नदी सौंसरच्या मुलखातून वाहत दक्षिणेकडे उतरते आणि तिचे पाणी शुद्ध करून नागपूर शहराच्या नळांना सोडले जाते.